माझ्या नावाचं वन

शिरूरच्या स्टँडवर उतरलो तेव्हा समोरच्या खांबावर मीच टांगलेला दिसलो. दौंडला डोळे दाखवायला गेलो होतो. डॉक्टरांनी बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घातले होते आणि त्यामुळे दुपारचं सगळं गाव कडेकडेनं विरघळल्यासारखं दिसत होतं. रसवंतीची लाल छत्री, रिक्षा, पेरूची पाटी, सगळ्यांना पांढरी किनार आलेली. म्हणून आधी वाटलं, हा कुणी दुसराच म्हातारा आहे, निधनाचा नाहीतर निवडीचा फलक असेल. मग कान ओळखीचे वाटले. माझे कान डोक्यापासून जरा लांब आहेत. मेंढरांचा आवाज ऐकून ऐकून ते तसे झाले, असं माझी आई म्हणायची. मी खांबाच्या अगदी जवळ गेलो. फ्लेक्सवाल्यानं माझ्या मिशा काळ्या केल्या होत्या आणि पाठीमागे धुक्यातलं उंच झाडांचं रान उभं केलं होतं, कुठल्यातरी थंड देशातलं, जिथे मी कधी गेलो नाही आणि आता जाणारही नाही. वर लिहिलं होतं, आमचे लाडके झाडवाले सर, अमृतमहोत्सव. खाली मोठ्या हिरव्या अक्षरांत, येत्या रविवारी निमोण्याच्या माळावर पाच हजार झाडांची लागवड, ‘सरांचं वन’. त्याखाली शुभेच्छुकांचे चेहरे आणि मधोमध माझा जुना विद्यार्थी पृथ्वीराज, काळा चष्मा लावून हात जोडलेला. मी तिथे उभा असताना पेरू घेणाऱ्या एका बाईनं माझ्याकडे पाहिलं, मग खांबाकडे, मग पुन्हा माझ्याकडे, आणि पदर सावरत म्हणाली, “तुम्हीच व्हय ते? लई चांगलं काम करताय बघा.” मी मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, मला सांगता येणार नाही. आयुष्यभर माझी मान अशीच हलत आली आहे.

घरापर्यंत चालत आलो. रिक्षा करायला हवी होती, डोळे उन्हात मिटत होते, पण रिक्षावाल्यानंही तो फलक पाहिला असेल अशी भीती वाटली. निमोण्याचा माळ. मिटल्या डोळ्यांआड तो आश्विनातला दिसतो तसाच दिसत होता. गुडघ्याएवढं गवत, वाऱ्याबरोबर एका अंगाला झुकणारं, संध्याकाळी तांबूस होणारं, आणि मधूनच एखादं हिवराचं झाड, जणू कुणाची वाट पाहत थांबलेलं आणि मग वाट पाहायची विसरलेलं. गावाचं गायरान आहे ते. एका बाजूनं उसाची भिंत पुढे सरकत आली आहे, दुसऱ्या बाजूला पाडलेल्या प्लॉटांचे पांढरे दगड. मधे जे उरलं आहे त्याला सगळे ‘रिकामी जागा’ म्हणतात. रिकामी. माझे वडील, भैरू, तिथे मेंढरं घेऊन उभे राहायचे तेव्हा त्यांना ती रिकामी वाटत नसावी. त्यांची एक रीत होती: पावसाळाभर त्या माळात मेंढरू घालायचं नाही. गवताला बी धरू द्यायचं, ते खाली पडू द्यायचं, बिरोबाच्या दगडाला नारळ फुटला की मग कळप आत न्यायचा. तोवर आम्ही कोकणाच्या वाटेवरून परत आलेलो असायचो, मेंढरं हावरी झालेली असायची, पण वडील काठी आडवी धरून उभे राहायचे. माळ झोपलाय, म्हणायचे. मला लहानपणी खरंच वाटायचं की तो झोपला आहे, आणि मी त्याच्या कडेनं पाय न वाजवता चालायचो. मग कालवा आला, रान ओलिताखाली आलं, मेंढरं विकली, आम्ही एका जागी राहायला लागलो, आणि मी शाळेत गेलो. माळ मात्र तिथेच राहिला. त्याला कुणी विकलं नाही, कारण तो कुणाचाच नव्हता.

सगुणानं दार उघडलं तेव्हाच कळलं की हिला सगळं माहीत आहे. तिच्या तोंडात पेढा होता. “काय म्हणला डॉक्टर?” तिनं विचारलं. मी म्हणालो, “मोतीबिंदू पिकलाय म्हणाला.” “पिकू द्या. फोटू बघितला का?” मी म्हणालो, “कुणी दिला?” “म्या दिला. पृथ्वीराज आला व्हता, पेढे घिऊन. आपल्या प्रतिभाच्या लग्नातला दिला, त्यात तुम्ही हसताय थोडं.” मी विचारलं, मला का नाही विचारलं कुणी. ती म्हणाली, “इचारलं असतं तर तुम्ही नगं म्हणला असता. आन् नगं तरी कुठं सरळ म्हणता? आठ दिस जेवला नसता, मग म्हणला असता, बघू.” लग्नाला पन्नासहून जास्त वर्षं झाली तरी ही बाई माझ्याबद्दल एकही वाक्य चुकीचं बोललेली मला आठवत नाही. मी आतल्या खोलीत जाऊन पडलो. दाराच्या मागे माझी लाकडी चौकट उभी होती. आता तिच्यावर फडकं ताणून ती सांडगे वाळत घालते.

ती चौकट म्हणजे माझी सगळी विद्या, असं म्हटलं तरी चालेल. दौंडच्या कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र शिकवायचो. मीटरभर लांब, मीटरभर रुंद चौकट, निमोण्याच्या सुतारानं बाभळीची करून दिलेली. ती माळावर आडवी टाकायची आणि आत किती जातीची रोपं आहेत ते गुडघ्यावर बसून पाहायचं. पोरं आधी हसायची, गवतात काय पाहायचं म्हणून. मग एकेक सापडायला लागायचं: पवन्या, मारवेल, कुसळी, तिच्या बुडाशी निळ्या टिकलीएवढी विष्णुक्रांत, मुसळीचं पिवळं फूल, कुरडू, आणि नशीब असलं तर खरपुडी, जिचं फूल कंदिलासारखं असतं आणि जिचा कंद सगुणा लहानपणी उकरून कच्चाच खायची. एवढ्याशा जागेत वीस-पंचवीस प्रकार निघायचे. लग्नानंतर पहिल्यांदा तिनं मला ते करताना पाहिलं तेव्हा ती म्हणाली होती, जमिनीला खिडकी बसवलीत व्हय. त्याहून चांगली व्याख्या मला पुस्तकात मिळाली नाही. पण पोरांना वनस्पती म्हणजे झाड, एवढंच ठाऊक होतं, आणि त्यांनी माझं नाव पाडलं झाडवाले सर. गवतवाले सर म्हणण्यात काही मान नाही, हे मलाही समजत होतं. निवृत्तीनंतरही मी दर वर्षी चौकट घेऊन जात राहिलो, गुडघे चालत होते तोवर. खिडकीत दिसणाऱ्या गोष्टी बदलत गेल्या. पाऊस जून सोडून जुलैत यायला लागला आणि दसरा झाला तरी जाईना. बी धरायच्या वेळेला गवत भिजून काळं पडायला लागलं. कडेनं गाजरगवत शिरलं. वेडी बाभूळ आली. एका वर्षी खरपुडी दिसली नाही, पुढच्या वर्षी दोन दिसल्या, मी इतका आनंदलो की घरी येऊन सगुणाला सांगितलं आणि ती म्हणाली, पाळणा बांधू का. कमी कमी होत जाणाऱ्या गोष्टीवर माणसाचं प्रेम जरा जास्तच बसतं की काय, मला माहीत नाही. आणि माझं ते शास्त्र होतं की नुसतं प्रेम, हेही मला नीट माहीत नाही.

कारण पडल्या पडल्या मी स्वतःशीच वाद घालायला लागलो, आणि नेहमीप्रमाणे मीच हरायला लागलो. झाडं लावताहेत. झाडांना कोण नको म्हणतं? उन्हाळे पेटलेले आहेत, गेल्या वैशाखात निमोण्यात एक बाई रोजगार हमीच्या कामावर चक्कर येऊन पडली, तिला सावली नको होती का? पुण्याला प्रतिभाला फोन केला तर ती म्हणाली, बाबा, किती गोड आहेत तुमचे विद्यार्थी. गोड आहेतच. माळ हा माळच असतो, तो मेलेलं जंगल नसतो, त्याच्या मुळांमध्ये जुना पाऊस आणि जुना काळ साठलेला असतो, सावली पडली की त्या उन्हावर जगणाऱ्या गवताचं संपतं आणि गवताबरोबर त्याच्या पोटातलं सगळं, हे मी तीस वर्षं फळ्यावर लिहिलं. पण फळ्यावर लिहिलेलं पुसता येतं म्हणूनच मी ते लिहू शकलो असेन. एका हिरव्या अक्षरांच्या फलकासमोर उभं राहून, नको, असं म्हणणारा म्हातारा लोकांना कसा दिसेल? कृतघ्न दिसेल. चळला, म्हणतील. शिवाय मला तो माळ हवा आहे तो खरपुडीसाठी की वडील तिथे काठी आडवी धरून उभे असतात म्हणून? तरुणपणी एकदा इनामगावला उत्खनन चालू होतं ते पाहायला गेलो होतो. घोड नदीच्या काठावर, मातीच्या थरातून निघालेले जळके दाणे एका माणसानं माझ्या तळहातावर ठेवले होते, तीन हजार वर्षांपूर्वीचे, मुंगीएवढे हलके. तो म्हणाला, पाऊस ओढ द्यायला लागला तेव्हा इथले लोक शेती कमी करून गुरंमेंढरं घेऊन फिरायला लागले असावेत. मला तेव्हा वाटलं होतं, म्हणजे माझ्या वडिलांना ही वाट नवी नव्हती. ते गवताच्या मागे गेले. पुन्हा तशी वेळ आली तर जायला गवत कुठे असेल, असा एक विचार मनात आला, आणि हा विचार खरा आहे की फक्त सुंदर आहे, ते ठरवता न येऊन मी कुशीवर वळलो.

आणि पृथ्वीराज. त्याला कसं सांगायचं? वर्गात तो शेवटच्या बाकावर बसायचा, बाकी विषयांना जागा मिळाली नाही म्हणून वनस्पतिशास्त्राला आलेला, परीक्षेत वनस्पतींची नावं सोडून सगळं लिहायचा. आता तो निमोण्याचा सरपंच आहे, रांजणगावच्या कारखान्यांना माणसं पुरवतो, त्याच्या दोन गाड्या आहेत. पण कोविडात माझा श्वास बुडत चालला होता तेव्हा ह्याच पोरानं कुठून कुठून फोन करून मला ऑक्सिजनचा बेड मिळवून दिला आणि दवाखान्याच्या बाहेर स्वतःच्या गाडीत बसून राहिला, मुलगा बसला असता तसा. मला मुलगा नाही. शुक्रवारी सकाळी मी धीर करून त्याला फोन लावला. वाक्य पाठ केलं होतं: पृथ्वीराज, तुझ्या भावना मी समजतो, परंतु. ते ‘परंतु’ फार पुस्तकी वाटलं म्हणून ‘पण’ केलं. “सर!” तो ओरडला, मागे जेसीबीचा आवाज होता. “फलक बघितला ना? मिशी जरा डार्क झाली, पण भारी दिसताय. सर, रविवारी फक्त यायचं, बाकी टेन्शन घ्यायचं न्हाई. कंपनीचे साहेब येणार हायेत, रोपं त्यांचीच. तहसीलदारांनी पण हो म्हणलंय. पहिला वड तुमच्या हातानं.” मी म्हणालो, “पृथ्वीराज, तुझ्या भावना मी समजतो.” “माहितीय सर,” तो म्हणाला, आणि त्याचा आवाज जरा ओला झाला, “तुम्ही समजणारच.” मग मी फोन ठेवला. ‘पण’ माझ्याजवळच राहिला.

त्या दिवशीही मी जेवलो नाही. सगुणानं ताट उचललं, परत आणलं, परत उचललं. शनिवारी सकाळी ती माझ्यासमोर बसली आणि तिनं मला चष्मा काढायला लावला, कारण चष्मा असला की मी पुस्तकाआड बसल्यासारखा दिसतो, असं तिचं म्हणणं. “काय झालंय?” मी तिला सगळं सांगितलं, गवत, सावली, खरपुडी, जळके दाणे. तिला सांगताना मला कधीच अडखळायला होत नाही. ती ऐकत होती आणि मधे मधे सांडग्यावरची माशी हाकत होती. शेवटी म्हणाली, “मला न्हाई कळत तुमचं. सावली असली तर बरंच हाय की लोकास्नी. पर तुम्ही दोन दिस जेवला न्हाई, एवढं कळतंय.” मग तिनं माझा फोन घेतला, पृथ्वीराजला लावला, आणि मी पाठ करून ठेवलेली सगळी वाक्यं व्यर्थ करत म्हणाली, “आरं पृथ्वी, सरांना माळ बघायचाय. आज. उद्या गर्दी व्हईल. ये गाडी घिऊन. आन् जेवून येऊ नगंस, हितंच जेव.”

गाडीत तो बोलत होता आणि मी खिडकीतून पाहत होतो. ऊस, ऊस, पोल्ट्री, ऊस, मग एकदम आकाश मोठं झालं. माळाला मी असाच ओळखत आलो आहे, आधी वर पाहून. रस्त्याच्या कडेनं जेसीबी उभा होता आणि त्यानं एक ओळ खड्डे घेतले होते. लाल मुरमाचे ढीग, प्रत्येकाच्या शेजारी एक. जेसीबीवाला, पोपट त्याचं नाव, यंत्राच्या सावलीत डबा खात होता. त्यानं डब्यासकट हात उचलून रामराम केला. बाकीचा माळ अजून तसाच होता. गवत पिकलं होतं. वारा आला की कणसांचा तो कोरडा, बारीक आवाज, दूर कुणीतरी तांदूळ निवडत असल्यासारखा. डोळ्यांचं औषध उतरलं होतं, पण मोतीबिंदू होताच, आणि गवताच्या टोकांना सोन्याची धूळ लागलेली दिसत होती. ती मोतीबिंदूमुळे की खरीच, ह्याचा मी विचार केला नाही. पृथ्वीराज पुढे चालत हातानं दाखवत होता. इथं स्टेज. इथून वड, पिंपळ, कडूनिंब, मागं गुलमोहर, रंगाला. मधून चालायला ट्रॅक. मी त्याच्या मागे चालत होतो आणि ‘पण’ शोधत होतो. तो थांबला, चष्मा काढला. “सर, एक सांगू का? कुणाला बोललो न्हाई मी. तुम्ही बेडवर व्हता ना, तो मशीनवरचा आकडा मी काचेतून बघत व्हतो. खाली खालीच चाललेला. ऑक्सिजन, ऑक्सिजन, सगळे तेच. तवाच नवस केला. देवाला न्हाई. झाडाला. म्हणलं, सर उठू दे, तुला हजारांनी लावतो.” तो हसला आणि दुसरीकडे पाहायला लागला. एवढ्या मोठ्या प्रेमाला ‘पण’ कुठून लावायचा? कुठल्या बाजूनं? मी खाली पाहिलं. त्याच्या नव्या पांढऱ्या पँटीला गुडघ्यापर्यंत कुसळं टोचलेली होती, शेकड्यांनी, एका दिशेनं तोंड केलेली. आणि हातांना काहीतरी काम हवं म्हणून मी वाकलो आणि ती काढायला लागलो.

“सर! ओ सर!” तो किंचाळल्यासारखा मागे सरला. “माझ्या पाया काय पडताय? पाप लागंल मला. काय झालं, काय चुकलं माझं?” मी म्हणालो, “कुसळं काढतोय.” पण त्याचा चेहरा पांढरा पडला होता आणि त्यानं ते ऐकलंच नाही. माझे हात त्यानं दोन्ही हातांनी धरले, मला वर ओढायला लागला, माझे गुडघे उठायला तयार होईनात, आणि त्या ओढाताणीत तोही खाली बसला. आम्ही दोघे गवतात बसलो. मी खरंच कुसळं काढत होतो का? मला वाटतं, हो. पण अर्धं वाकल्यावर माझ्याही लक्षात आलं होतं की हे कसं दिसतंय, आणि तरी मी थांबलो नाही. खाली बसल्यावर माळ वेगळा होतो. जेसीबी दिसेनासा झाला, ऊस दिसेनासा झाला, गवताच्या काड्यांमधून वारा जाताना दिसायला लागला. पृथ्वीराजच्या बुटाशेजारी विष्णुक्रांतीची एक टिकली उघडी होती. मी चौकट आणली नव्हती, पण मला ती तिथे आखलेली दिसत होती. “पाणी आहे का?” मी विचारलं. त्याला वाटलं मला चक्कर येते आहे. घाईघाईनं बाटली उघडून माझ्या तोंडाशी आणली. मी त्याचा तळहात उघडला, त्यावर एक कुसळ ठेवलं आणि बाटलीतला थेंब सोडला. आधी काहीच झालं नाही. मग ते काळसर, पीळ घातलेलं बी जागं झाल्यासारखं हललं, लांब शेपटी एका बाजूनं फिरायला लागली, हळूहळू, घड्याळाच्या काट्यासारखी, आणि बियाचं टोकदार तोंड पृथ्वीराजच्या कातडीत वाट शोधायला लागलं.

पृथ्वीराजनं तळहात डोळ्यांजवळ नेला. म्हणाला, “हे तुम्ही वर्गात दाखवलेलं.” “असेल,” मी म्हणालो. “असेल न्हाई. माझ्याच हातावर. शेवटच्या बाकावरनं उठवून पुढं बोलवलं व्हतं. गुदगुल्या झाल्या म्हणून मी हात मागं घेतला, सगळे हसले, आन् तुम्ही म्हणलात, हसू नका, त्याला जमीन शोधायचीय.” मला हे अजिबात आठवत नव्हतं. इतक्या पोरांच्या इतक्या तळहातांवर मी कुसळं ठेवली असतील, त्यातला हा एक हात पंचवीस वर्षं उघडाच राहिला होता. आणि तेव्हा माझं तोंड उघडलं. “त्याला खड्डा घेऊन द्यावा लागत नाही, पृथ्वीराज,” मी म्हणालो. “पाऊस पडला की ते स्वतःच स्वतःला पुरून घेतं. फक्त वर ऊन लागतं त्याला. सावलीत हे सगळं मरतं. इथं झाडं नको रे.” मी पुढे बोलत गेलो, खरपुडीचं, चंडोलाचं, जो जमिनीवर घरटं करतो, वडिलांच्या आडव्या काठीचं, काहीतरी अर्धवट, एकात एक गुंतलेलं, फळ्यावर कधीच लिहिता आलं नसतं असं. मी थांबलो तेव्हा तो म्हणाला, “एवढंच व्हय? आन् मला वाटलं, काय झालं सरांना. फोनवर सांगायचं ना मग. पंधरा फ्लेक्स मारलेत मी तालुकाभर.” तो हसत होता, पण त्याचे डोळे हसत नव्हते. मग त्यानं तळहातावरचं कुसळ दोन बोटांत धरलं आणि माझ्याकडे न पाहता विचारलं, “मग नवसाचं काय करू, सर?”

हा प्रश्न मी पाठ केलेल्या कुठल्याच वाक्यात नव्हता. मी म्हणालो, “झाडाला नवस केलास ना? मग झाडाला विचार, त्याला कुठं बरं वाटेल. ओढ्याला लाव. शाळेत लाव. बांधाला लाव, तुझ्या उसाच्या बांधाला एक झाड नाही. तिथं सावली हवीच आहे.” आणि मग, हे मी कसं म्हणालो कोण जाणे, “मी जगलो ना. त्यात तुझं अर्धं फिटलं.” माझा हात त्याच्या डोक्यावर होता. तो कधी तिथे गेला ते मला कळलं नाही. त्याच्या केसांत पांढरे आले होते. पोरं म्हातारी होताना पाहायची सवय शिक्षकाला कधीच होत नाही. तो उठला, पँट झटकली, ज्याचा काही उपयोग झाला नाही, आणि फोन लावून लांब गेला. वाऱ्याबरोबर तुकडे ऐकू येत होते: “हां साहेब, नीचे पत्थर लगा है. पूरा पत्थर. जेसीबी का दात टूट गया. झाड नहीं टिकेगा इधर. दुसरी जगह मस्त है ना, ओढे के किनारे, फोटो और अच्छा आएगा.” हे खोटं होतं, आणि मला वाटलं, खरं कारण सांगितलं असतं तर कुणी मानलं नसतं. त्याबद्दल वाईट वाटायला हवं होतं. पोपट डबा धुऊन आला आणि म्हणाला, “दात कुठं तुटलाय, सरपंच? शाबूत हाय की.” “तुझा तोडू का?” पृथ्वीराज म्हणाला. “हे खड्डे बुजव सगळे. आन् हळू. गवतावर चाक घालू नको.” खड्डे बुजले. पण उकरलेल्या मातीत पहिल्यांदा गाजरगवत येतं, हे मला माहीत होतं, आणि त्या रस्त्याकडेच्या ओळीत ते येईल. मी त्याला ते सांगितलं नाही. सगळंच एका दिवसात सांगू नये.

रविवारी कार्यक्रम शाळेच्या मैदानात झाला, ओढ्याच्या काठाला. फ्लेक्सवर माळाच्या जागी कागदाची पट्टी चिकटवली होती, ती वाऱ्यानं एका टोकाला सुटून फडफडत होती. कंपनीचे साहेब खूश होते. मी वड लावला, फोटो काढले, माझ्या खांद्यावर शाली चढत गेल्या आणि मी आत आत बुडत गेलो. माइकसमोर उभा राहिलो तेव्हा पुन्हा माझं काहीच चाललं नाही. सगळ्यांचे आभार मानले आणि खाली बसलो. लोक म्हणाले, सर भारावले. जेवणं उरकल्यावर आम्ही गाडीकडे चाललो होतो तेव्हा पृथ्वीराजची आई, झुंबरबाई, ओट्यावर पाय सोडून बसलेली होती. म्हातारी ठसक्याची. तिच्या शेजारी सगुणा जाऊन बसली, दोघींचं काहीतरी आधीच चाललं होतं. झुंबरबाई मुलाला म्हणाली, “का रं, ते वन वन म्हणून दोन महिनं नाचत व्हतास, त्याचं काय झालं? माळावर काय लावलं मग सरांच्या नावानं?” पृथ्वीराजच्या पँटीच्या काठाला अजून एक कुसळ होतं. आजची पँट दुसरी होती. म्हणजे हा सकाळी पुन्हा माळावर जाऊन आला होता, एकटाच. तो कमरेवर हात ठेवून आईसमोर उभा राहिला आणि गावाला मोठी बातमी सांगावी तसा म्हणाला, “काय न्हाई लावलं, आई. सरांच्या नावानं माळावर एक काडीसुदिक लावली न्हाई.” झुंबरबाईनं हनुवटीला बोट लावलं, त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “आँ? व्हय का ओ, सर? आन् तुम्हाला चाललं ते?”

मी मान हलवली.

“व्हय म्हणत्यात ते,” सगुणा म्हणाली.